सायगॉनच्या फुटपाथवर काय खावं आणि कसं मागावं?

पोटोबा_आधी

नोव्हेंबरच्या शेवटी चार दिवस सायगॉन, म्हणजे हो ची मिन्ह सिटी. मुंबईहून थेट विमान, मुक्काम बेन थान्ह बाजाराजवळ. टूरवाल्यांच्या 'इंडियन डिनर'च्या नादी लागायचं नाही, रस्त्यावरचंच खायचं, एवढं ठरलंय. घोडं अडतंय ते तीन तोंडांपाशी. एक जण सगळं खातो. दुसरीला कोंबडी, मासे, अंडी चालतात. बीफ आणि पोर्क दोन्ही नको. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, कांदा-लसूण मात्र चालतो.

पाटीवरचं काही कळत नाही, विक्रेत्यांना इंग्रजी येईलच असं नाही. तर मागायचं कसं? बीफ आणि फिश सॉस कुठे लपलेलं असतं? पोट बिघडू नये म्हणून नेमकं काय टाळायचं? 'दहा सर्वोत्तम ठिकाणं' छाप याद्या नकोत, त्या वाचून झाल्यात.

---

कणीकोंडा

मेन्यू कार्डाच्या मागे लागू नका, पाटी वाचायला शिका. तिथल्या टपरीवर बहुधा एकच पदार्थ मिळतो, फार तर त्याचे चार-पाच प्रकार. आणि पदार्थाचं नाव हीच त्याची कृती असते : आधी आधार कोणता, मग त्यावर काय, मग ते कसं शिजवलंय. बुन थित नुओंग म्हणजे शेवया, मांस, निखाऱ्यावर भाजलेलं. कोम गा चिएन म्हणजे भात, कोंबडी, तळलेली. पंचवीसेक शब्द आले की निम्मं शहर वाचता येतं.

आधार : कोम म्हणजे भात, बुन म्हणजे तांदळाच्या गोल मऊ शेवया, फो म्हणजे चपट्या, हू तियू म्हणजे बारीक आणि जरा चिवट, मिएन म्हणजे पारदर्शक, बान्ह मी म्हणजे पाव, सोय म्हणजे चिकट तांदळाचा भात, चाव म्हणजे आपली पेज.

वर काय : गा कोंबडी, वित बदक, का मासा, तोम कोळंबी, कुआ खेकडा, मुक माकूल, त्रुंग अंडं, हेओ डुक्कर, बॉ बीफ. नुसतं 'थित' लिहिलं असेल तर ते पोर्कच धरून चाला.

कसं : नुओंग भाजलेलं, चिएन तळलेलं, साव परतलेलं, हाप वाफवलेलं, लुओक उकडलेलं.

'बॉ'मध्ये एक खोच आहे. लोणी आणि अवाकाडो या दोन्हींना जो शब्द आहे तो रोमन लिपीत जवळजवळ तसाच दिसतो, फक्त खुणेचा फरक. ओच्या डोक्यावर डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ असेल तर बीफ. ओच्या उजव्या खांद्याला छोटं शिंग फुटलेलं असेल तर लोणी किंवा अवाकाडो. ज्यूसच्या गाडीवर 'सिन्ह तो'च्या पुढे तो शब्द दिसला तर दचकू नका, तो अवाकाडोचा मिल्कशेक आहे. उलट 'बॉ बिया' नावाच्या गुंडाळीत बीफ अजिबात नसतं, ते नाव चिनी बोलीतून आलंय. पण तिच्यात पोर्कचं गोडसर सॉसेज आणि सुकी कोळंबी असते, म्हणजे दुसऱ्या बाईंना ती तशीही चालणार नाही.

आता घड्याळ. निम्म्या लोकांचा घोटाळा इथे होतो. सकाळी साडेसहा ते नऊ : फो, हू तियू, कोम ताम, बान्ह मी, सोय. अकरा ते एक : ताटात भात आणि वर बोट दाखवून घेतलेल्या भाज्या-मासे, त्याला कोम बिन्ह झान म्हणतात; आपल्या राइस प्लेटचाच भाऊ. दुपारी एक ते तीन शहर पेंगतं, गाडी उघडी असली तरी माल सकाळचाच. तीन ते सहा चटरमटर. सहानंतर शिंपले, बान्ह सेओ, भाजणं-परतणं. सकाळच्या पदार्थासाठी संध्याकाळी वणवण करू नका. मिळालं तर बहुधा पर्यटकांसाठी ठेवलेलं असतं.

सगळं खाणाऱ्याने पहिल्या सकाळी कोम ताम खावं. ताम म्हणजे आपली कणी. गिरणीत तुटलेला तांदूळ, पूर्वी विकला जायचा नाही म्हणून गरिबाच्या ताटात, आता सायगॉनची ओळख. ताटात चार गोष्टी येतात : सुओन म्हणजे भाजलेली पोर्कची फाक, बी म्हणजे कातडीचे बारीक धागे भाजलेल्या तांदळाच्या पुडीत घोळवलेले, चा म्हणजे अंडं-मांसाची वाफवलेली वडी, आणि वरून मो हान्ह, गरम तेलात टाकलेली कांद्याची पात. शेजारी वाटीत गोडसर फिश सॉस. तो भातावर चमच्याचमच्याने घालायचा, एकदम ओतला की कणीचा चिखल होतो. पाटीवर 'सुओन बी चा' लिहिलं असेल तर तिन्ही येणार. 40 ते 70 हजार डोंग.

दुसऱ्या बाईंसाठी फो गा, म्हणजे रश्श्यातल्या चपट्या शेवया, कोंबडी घालून. मात्र ज्या दुकानात बीफचा फो पण मिळतो तिथे घेऊ नका. कोंबडी वेगळी असते, रस्सा कधीकधी एकाच पातेल्यातला असतो. फक्त कोंबडीचं दुकान गाठा. जुन्या डिस्ट्रिक्ट 3 मध्ये 'की दोंग' रस्त्याच्या गल्लीतलं फो-मिएन गाचं दुकान त्यासाठी प्रसिद्ध आहे.

---

हिरवा_वाटाणा

सासूबाईंची बाजू मी घेतो. एक शब्द पाठ करा : चाय. म्हणजे शाकाहारी. 'तोय आन चाय', मी शाकाहारी आहे. पाटीवर 'कोम चाय', 'बुन चाय', 'हू तियू चाय' दिसलं की डोळे झाकून आत शिरा. ही बौद्ध शाकाहाराची परंपरा आहे, त्यात मांस, मासे, फिश सॉस काहीच नसतं. कडक पाळणाऱ्यांकडे कांदा-लसूणही नसतो, पण तुम्हाला तो प्रश्न नाही.

'नो मीट' म्हणून मात्र काही साधत नाही. नेहमीच्या टपरीवर 'खोंग थित', मांस नको, असं सांगितलं तर तो वरचे तुकडे काढून देईल. रस्सा हाडांचा, वाटीत फिश सॉस, भाजीत डुकराच्या अर्काचा मसाला. त्याच्या हिशेबाने त्यानं तुमचं ऐकलंच. फसवतात कुठे तर इथे : नाळीची लसूण घालून परतलेली भाजी, 'राव मुओंग साव तोय'. दिसायला निव्वळ पालेभाजी, पण ऑयस्टर सॉस किंवा तो मसाला पडलेला असतोच. सोयवर शिंपडलेला तळलेला कांदा कधी डुकराच्या चरबीतला असतो. बान्ह मीमध्ये बाकी सगळं काढलं तरी पावाला आतून फासलेलं पिवळं 'लोणी' हे अंड्याच्या बलकाचं आणि तेलाचं असतं, आणि त्याखाली लिव्हरची पेस्ट.

म्हणून सासूबाईंसाठी बान्ह मी फक्त चायवाल्याकडून. आणि चायच्या दुकानातही 'खोंग त्रुंग', अंडं नको, एवढं म्हणून ठेवा, काही जण घालतात.

चायच्या मेन्यूवर 'सुओन', 'गा', 'का' हे शब्द बघून सासूबाई उठून जातील. त्यांना आधीच सांगा की तो सोयाबीन, गव्हाचं ग्लुटेन, टोफू आणि मशरूमचा खेळ आहे. नावं मांसाची, चवही बऱ्यापैकी तशी. ते नको वाटलं तर 'दाउ हू' म्हणजे टोफू, 'नाम' म्हणजे मशरूम, एवढं बोट दाखवून घ्या. एका ताटाला 30 ते 45 हजार डोंग, सोबत पातळ सूप बहुतेक ठिकाणी फुकट.

आणि कालनिर्णय सोबत ठेवा, हे गमतीने म्हणत नाही. व्हिएतनाममध्ये चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी खूप लोक चाय खातात. पंधरावा म्हणजे आपली पौर्णिमा, पहिला म्हणजे अमावास्येच्या आसपास, एखाद दिवस मागेपुढे. एरवी मांस विकणाऱ्या काही गाड्याही त्या दिवशी चाय लावतात, पॅगोडांच्या दारात खास विक्री असते. तुमची तारीख त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास पडत असेल तर तो दिवस सासूबाईंचा. फक्त साडेदहा-अकराच्या आत जा. बाराला सगळ्या ऑफिसांची रांग आणि साडेबाराला पातेली रिकामी.

गोडाची काळजी नाही. चे नावाचं जे काही ग्लासात मिळतं, मूग, चवळी, साबुदाणा, नारळाचं दूध, ते जवळजवळ सगळं शाकाहारी. त्यातली जेली बहुधा आगरची असते, जिलेटिनची नाही. 'बान्ह फ्लान' सोडा, त्यात अंडं आहे. ताउ हू म्हणजे गरम मऊ टोफूवर आल्याचा पाक आणि नारळाचं दूध. अजूनही काही बायका ते कावडीतून विकतात. कावड शब्द मुद्दाम वापरलाय, दुसरं काही म्हणताच येणार नाही.

---

लिंबू_मारके

वरचे दोन्ही प्रतिसाद जमून आलेत. फक्त ही चार नावं एकत्र वाचा, नाहीतर फजिती ठरलेली :

चाय म्हणजे शाकाहारी. चा म्हणजे मांसाची किंवा माशाची वडी. काय म्हणजे तिखट. ताक म्हणजे छोटं हिरवं आंबट फळ, लिंबाच्या कुळातलं.

चहाला 'त्रा' म्हणतात. 'चाय' मागितलात तर समोरचा शाकाहारी दुकानाची वाट दाखवेल, 'चा' मागितलात तर पोर्क पुढ्यात. 'त्रा ताक' मागवलं तर ताक नाही, त्या फळाचा गार चहा येतो आणि उकाड्यात तो फार कामाचा. समोरची बाई मिरचीची बाटली हातात धरून 'काय?' म्हणाली तर ती तुम्हाला काय पाहिजे ते विचारत नाहीये, तिखट घालू का असं विचारतेय.

हाक मारायला नातं लागतं, आपल्यासारखंच. आईच्या वयाच्या बाईला 'को ओय', काकांना 'चू ओय', ताईला 'ची ओय', दादाला 'आन्ह ओय', लहान पोराला 'एम ओय'. टाळ्या किंवा चुटक्या वाजवू नका. बिलासाठी 'तिन्ह तिएन'. टीप द्यायची पद्धत नाही.

फोबद्दल थोडं वेगळं मत. सगळं खाणाऱ्याने सायगॉनमध्ये फो खावा, पण हनोईच्या वर्णनांशी ताडून नाही. 1954 मध्ये देश दुभंगल्यावर उत्तरेकडून लाखो लोक दक्षिणेत आले, त्यांच्याबरोबर फो इथे रुजला आणि इथलाच झाला. उत्तरेत वाटी जवळजवळ नागडी असते, कांद्याची पात आणि लसणीचा व्हिनेगर बस. इथे ताटभर पाला, मोड, लिंबू, वर गोडसर काळा सॉस. पद्धत अशी : आधी नुसता रस्सा दोन चमचे प्या. मग लिंबू आणि मिरची. मग पानं हातानं तोडून टाका. काळा सॉस वाटीत ओतू नका, तो शेजारच्या बशीत घ्यायचा आणि मांस त्यात बुडवायचं. रश्श्यात ओतलात की बारा तास उकळलेल्या हाडांचं आणि चक्रफुलाचं काम एका मिनिटात गोड पाण्यात जमा.

मोड कच्चेच येतात. 'या त्रुंग' म्हणा, उकळत्या रश्श्यात बुडवून देतात. आपल्या लिपीत हा 'त्रुंग' आणि अंड्याचा 'त्रुंग' सारखाच दिसतो, सूर वेगळा आहे. पण 'या' म्हणजे मोड हे आधी आलं की समजतात. पोटासाठी ही सवय लावून घ्या.

---

पोटोबा_आधी

काय, चा, चाय, ताक. भिंतीवर चिकटवतोय :) पोटाचा आणि पैशाचा विषय राहिला. बर्फ घ्यायचा की नाही? आणि बेन थान्ह बाजारात आतच खाणं सोपं नाही का, सगळं एका छपराखाली?

---

खुबे_तिसऱ्या

बेन थान्ह बाजारात एकदा जाऊन या, पोट भरायला नको. 1914 पासूनची इमारत आहे, बघण्यासारखी. पण तिथले दर बाहेरच्यापेक्षा चढे, आणि गिऱ्हाईक बव्हंशी पर्यटक. पुन्हा न येणाऱ्या गिऱ्हाईकासाठी कोणी रस्सा जपत नाही. त्यापेक्षा दुपारी तीननंतर जुन्या डिस्ट्रिक्ट 3 मधला न्गुएन थुओंग हिएन रस्ता किंवा बान को बाजार, संध्याकाळी जुन्या डिस्ट्रिक्ट 10 मधल्या 'हो थी की' या फुलबाजाराची गल्ली. 'जुन्या' यासाठी की 1 जुलै 2025 पासून तिथले डिस्ट्रिक्ट कागदावरून गेले, पत्त्यात आता नव्या वॉर्डांची नावं दिसतील. लोक अजून जुनेच आकडे बोलतात. घोळ नको म्हणून रस्त्याचं नाव आणि घरनंबर टाकून टॅक्सी मागवा.

बर्फ : मधे आरपार भोक असलेला नळकांडी बर्फ कारखान्यातला, पिण्याच्या पाण्याचा, तो चालतो. मोठ्या लादीचा फोडलेला चुरा मासे गार ठेवायला असतो, तो ग्लासात दिसला तर 'खोंग दा', बर्फ नको. उसाचा रस, 'नुओक मिया', तिथे ताक पिळून देतात, चव आपल्या रसवंतीहून कमी गोड. बर्फ बघूनच घ्या.

पोट बिघडतं ते बहुतेक वेळा उकळत्या रश्श्यामुळे नाही. बिघडतं ते कच्च्या पाल्याने, दुपारभर उन्हात बसलेल्या अंड्याच्या लोण्याने आणि लिव्हरच्या पेस्टने, आणि कोमट शिंपल्यांनी. त्यामुळे बान्ह मी सकाळी, किंवा जिथे पाव सारखा संपतोय आणि नवा येतोय तिथेच. जुन्या डिस्ट्रिक्ट 3 मध्ये काओ थांग रस्त्यावर होआ मा नावाचं 1958 पासूनचं दुकान आहे. तिथे छोट्या तव्यात अंडी आणि शेजारी पाव असा नाश्ता मिळतो; अंड्यासोबतचं मांस नको असेल तर आधी सांगायचं. फक्त सकाळी. पहिल्या दिवशी कच्चा पाला टाळा, दुसऱ्या दिवसापासून थोडा थोडा. ओआरएसची चार पाकिटं पिशवीत.

पाल्यात एक पान असेल हृदयाच्या आकाराचं, माशाचा उग्र वास येणारं, 'यिएप का'. नावातही मासा आहे. पण आहे पानच, सासूबाईंच्या ताटात कोणी मासा लपवलेला नाही. वास नको तर बाजूला काढा. बारीक चिरलेलं जांभळट-पांढरं काही दिसलं तर ते आपलं केळफूल.

शिंपल्यांसाठी, म्हणजे 'ओक'साठी, विन्ह खान्ह रस्ता, जुना डिस्ट्रिक्ट 4, संध्याकाळी सातनंतर. कोकणातल्या माणसाला तिथे भाषेची गरज नाही, ताटं समोरच मांडलेली असतात. बोट दाखवा आणि कसं पाहिजे ते सांगा. न्गेउ हाप सा : तिसऱ्यांसारखे शिंपले गवती चहात वाफवलेले, रस्सा प्यायचा. सो दिएप नुओंग मो हान्ह : स्कॅलप, कांद्याची पात, शेंगदाण्याचा कूट, निखाऱ्यावर. ओक लेन साव युआ : लांबट गोगलगायी नारळाच्या दुधात, चोखून खायच्या. चोखताना हवा आली नाही तर शेपटीकडचं टोक नीट तुटलेलं नाही, दुसरी घ्या. 'सो हुएत', लाल रक्ताचे शिंपले, बऱ्याचदा अर्धवट शिजवून देतात. ते प्रवासात नकोच, हेपटायटिस ए तिथून येऊ शकतो.

सांगण्याआधी भाव : 'बाव न्यू?' ताटाला की किलोला हे नक्की करा. मोठे खेकडे आणि लॉबस्टर किलोवर असतात आणि भांडणं तिथेच होतात. टेबलावर न मागता आलेले शेंगदाणे, लहान अंडी, ओल्या रुमालाचं पाकीट, हे फुकट नसतं. नको तर हात लावू नका, बिलात येत नाही.

---

कणीकोंडा

पैशाचं सोपं गणित : रुपयाला साधारण 300 डोंग. 30 हजार म्हणजे शंभराची नोट. पाटीवर नुसतं '35' लिहिलेलं असतं, ते 35 हजार. 20 हजाराची आणि 5 लाखाची, दोन्ही नोटा निळसर. अंधारात रसाच्या गाडीवर अदलाबदल सहज होते. 5 लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, रस्त्यावर 10, 20, 50 हजारांच्याच काढा. तिथले लोक क्यूआरवर पैसे देतात, पण ते त्यांच्या बँकांचं. आपलं यूपीआय धरून चालू नका.

खांद्यावर कावड देऊन फोटो काढायला सांगणारा नारळवाला भेटेल. फोटो होईस्तोवर नारळ फुटलेले असतात आणि दर त्याचा. हसून पुढे.

दुपारच्या चटरमटरमध्ये तिघांनाही जमणारं फारसं काही नाही, थोडं बदलून घ्यावं लागतं. बान्ह त्रांग त्रोन ही तिथली भेळ : तांदळाच्या पापडाच्या पट्ट्या, कैरी, शेंगदाणे, ताकाचा रस, मिरचीचं तेल, पिशवीत घालून हलवून देतात. पण वर सुकं बीफ, सुकी कोळंबी आणि लाव्याची अंडी. तुमच्या समोर मिसळतात, त्यामुळे 'खोंग बॉ, खोंग तेप' म्हणून बीफ आणि कोळंबी टाळता येते. तरी मसाल्याचं मीठ बऱ्याचदा कोळंबीचंच असतं, म्हणून सासूबाईंना नाही. बोत चिएन म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वड्या तव्यावर अंड्यात परतलेल्या, दुसऱ्या बाईंसाठी उत्तम. फक्त तेल की डुकराची चरबी, 'मो हेओ', ते विचारा.

---

सांजवात

धाग्यावर बान्ह सेओचं नाव आलं म्हणून विचारते. ते आपल्या घावनासारखंच असतं ना? फोटोत पिवळं, कुरकुरीत. घरी केलं की मऊ पडतं. नक्की काय चुकतं?

---

हिरवा_वाटाणा

घावनाची बहीण आहे पण स्वभाव उलटा. घावन मऊ आणि जाळीदार हवं, हे काठाला काचेसारखं तुटलं पाहिजे. 'सेओ' हा पीठ तव्यावर पडल्याचा आवाज. आवाज आला नाही तर तवा तापलेला नाही आणि तिथेच बाजी गेली. जुन्या डिस्ट्रिक्ट 1 मध्ये दिन्ह कोंग त्रांग रस्त्यावर 46 ए नंबरला करताना बघता येतं, चुली रस्त्यालगतच आहेत.

घरी सहा नगांना : 200 ग्रॅम बारीक तांदळाचं पीठ, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा मीठ, दीड वाटीपेक्षा किंचित जास्त, म्हणजे 350 मिली पाणी, 150 मिली नारळाचं दूध, मूठभर कांद्याची पात. अर्धा तास मुरू द्या. पीठ ताकाइतकं पातळ हवं, आपल्या ताकाइतकं. घरगुती दळलेलं पीठ जाडसर असतं, खाली बसतं. प्रत्येक वेळी तळापासून ढवळल्याशिवाय डाव उचलू नका, नाहीतर पहिली तीन पाण्याची आणि शेवटची तीन जाड होतात. मऊ पडण्याचं हे एक नंबरचं कारण.

25 सेंटीमीटरचा तवा, चमचाभर तेल, धूर येण्याच्या बेतात. जेमतेम 90 मिली पीठ ओतून तवा उचलून फिरवा, काठ वर चढू द्या. अर्ध्या भागावर मोड आणि दोन तास भिजवून वाफवलेली मुगाची डाळ. झाकण फक्त एक मिनिट. मग झाकण काढून कडेने अर्धा चमचा तेल सोडा आणि मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं हात लावू नका. झाकण ठेवून विसरलात की वाफेचं पाणी परत आत. मोडांना आधी मीठ लावलंत तरी तेच, पाणी सुटतं. नारळाचं दूध वाढवलंत तर चव छान येते पण रंग लवकर चढतो, आतून ओलंच राहतं. घडी घालून लगेच ताटात. एकावर एक रचू नका.

खायचं मात्र नुसतं नाही. मोहरीचं किंवा लेट्युसचं मोठं पान तळहातावर, त्यात तुकडा, पुदिना-तुळशीसारखी पानं, गुंडाळी करून चटणीत बुडवायची. चटणीचं माप : फिश सॉस, साखर, लिंबाचा रस प्रत्येकी एक भाग, पाणी चार ते पाच भाग. साखर पाण्यात पूर्ण विरघळल्यावर बाकीचं, आणि लसूण-मिरची सगळ्यात शेवटी, म्हणजे ती वर तरंगते. चायसाठी फिश सॉसच्या जागी फिका सोया सॉस.

---

लिंबू_मारके

कॉफी कोणी लिहिलीच नाही की! 'का फे सुआ दा' : रोबस्टाची काळी कॉफी, कंडेन्स्ड मिल्क, बर्फ. फिन नावाची पत्र्याची गाळणी असते, ती विकत आणा, वजनाला काही नाही. 20 ग्रॅम पूड, आधी दोन चमचे उकळतं पाणी घालून अर्धा मिनिट थांबा, मग 80 मिली. चार ते पाच मिनिटांत गळून झालं पाहिजे. दोन मिनिटांत आलं तर पूड जाड किंवा वरची चकती सैल. दहा मिनिटं लागली तर पूड पिठासारखी बारीक. सासूबाईंना ती कडक लागेल, त्यांच्यासाठी 'बाक सियू' सांगा, दूध जास्त, कॉफी नावापुरती.

---

पोटोबा_आधी

सगळ्यांचे आभार. कालनिर्णय बघितलं, पौर्णिमा आमच्या दुसऱ्या दिवशी येतेय. त्या दिवशी सकाळी पॅगोडाजवळ जायचं म्हटलं तर कोणता?

---

हिरवा_वाटाणा

विन्ह न्गिएम, नाम की खोय न्गिया रस्त्यावर. बेन थान्हहून टॅक्सीने गर्दी नसेल तर पंधरा-वीस मिनिटं. तुमच्या पंचांगाची पौर्णिमा आणि त्यांचा पंधरावा यात एका दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर विचारा : 'उद्या राम?' पंधराव्या दिवसाला तिथे 'राम'च म्हणतात, सासूबाईंना आवडेल.